घरी असणाऱ्या आईसाठी ब्रेस्ट पंप: कोणता, कोणत्या मापाचा आणि कधी

"दिवसभर घरीच तर आहेस, पंप हवाय कशाला?" हा प्रश्न सासूबाईंपासून शेजारच्या काकूंपर्यंत कुणीही विचारतं. प्रश्न खोचक वाटला तरी अगदीच अस्थानी नाही. बाळ नीट ओढत असेल, वजन धरत असेल आणि आई चोवीस तास जवळ असेल, तर पंपावाचून काही अडत नाही. पण अडतं तेव्हा नेमकं रात्री दोन वाजता अडतं. मग घाईघाईत मोबाइलवर जो पहिला दिसेल तो मागवला जातो आणि महिन्याभरात कपाटात जाऊन बसतो. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: मोटार बघून घेतला, माप बघितलं नाही.

नोकरीवर जाणाऱ्या आईला रोज ठरलेल्या वेळी, दोन-तीनदा, भराभर दूध काढायचं असतं. घरी असणाऱ्या आईचं तसं नसतं. तिला कधी आठवड्यातून एकदा पंप लागतो, कधी आठवडाभर सतत लागतो आणि पुढे लागतच नाही. म्हणून आधी काम ठरवायचं, यंत्र नंतर.

काम कोणतं आहे?

बाळ अंगावर छान पितंय आणि तुम्हाला कधीमधी तीन-चार तास बाहेर जायचंय: दातांचा डॉक्टर, नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या लॉन्सवरचं लग्न, स्पर्धा परीक्षेचा पेपर. एवढ्यासाठी साधा हातपंप पुरतो. त्याहून महाग काही घेऊ नका.

पहिल्या आठवड्यात दूध उतरलं, छाती दगडासारखी झाली आणि बाळाला तोंडात धरताच येत नाही. इथे तर पंप विकत घेण्याआधी हाताने काढून बघा. अंगठा वर आणि बोटं खाली, निपलपासून साधारण अडीच-तीन सेंटिमीटर मागे ठेवा. आधी छातीकडे आत दाबा, मग बोटं एकमेकांकडे आणा आणि सोडा. बोटं कातडीवरून घासत पुढे आणायची नाहीत. चार-पाच चमचे दूध निघालं की पुढचा भाग मऊ पडतो आणि बाळ धरतं. पंप लावून छाती "पूर्ण रिकामी" करायला गेलात, तर शरीर समजतं की मागणी वाढलीय. दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त दाटतं. हातपंप असला तरी बरं वाटेपर्यंतच काढा.

बाळ काचेत आहे, वेळेआधी जन्मलंय किंवा अजून ओढायलाच शिकलेलं नाही. इथे मात्र पंप चैनीचा नाही, गरजेचा आहे, आणि तोही दोन्ही बाजूंचा, दमदार. बाळंतपणानंतर होईल तितक्या लवकर, शक्यतो पहिल्या सहा तासांच्या आत सुरुवात करायची आणि चोवीस तासांत ८ ते १० वेळा काढायचं. त्यातली एक वेळ रात्रीची हवी, कारण दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. पहिले दोन-तीन दिवस जो चीक येतो तो घट्ट आणि थेंबाथेंबाने येतो. तो पंपाच्या नळीला आणि बाटलीलाच चिकटून जातो, म्हणून चीक हाताने चमच्यात किंवा लहान वाटीत काढा आणि वॉर्डातल्या सिस्टरकडे द्या.

"मला दूध किती येतं ते मोजायचंय" एवढ्याचसाठी पंप घेणार असाल तर घेऊ नका. बाळ जेवढं ओढतं तेवढं कोणताही पंप ओढत नाही, त्यामुळे पंपात ३० मिली आलं म्हणून दूध कमी आहे असं होत नाही. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होतेय आणि वजन वाढतंय, हा खरा हिशेब. वजन वाढत नसेल तर आधी बालरोगतज्ज्ञ, मग पंप.

सगळं सुरळीत असेल तर सव्वा महिना होईपर्यंत पंपाकडे वळूच नका. तोवर दुधाचं प्रमाण बाळाच्या भुकेशी जुळत असतं. त्यात पंपाने ढवळाढवळ केली की एकतर दूध फार होतं किंवा आईची झोप जाते.

प्रकार आणि त्यांचा खरा उपयोग

हातपंप साधारण ५०० ते २,५०० रुपयांत मिळतो. आवाज नाही, वीज नाही, भाग चार-पाचच. एक बाजू १० ते १५ मिनिटं. दांडा लांब आणि फिरवता येणारा असावा. आखूड दांड्याने मनगट धरतं, आणि बाळंतिणीचं मनगट आधीच बाळाला उचलून दुखत असतं. सायकलच्या भोंग्यासारखा रबरी फुगा असलेला स्वस्त पंप अजूनही काही मेडिकलमध्ये टांगलेला दिसतो. तो घेऊ नका. दूध फुग्यात शिरतं, फुगा आतून धुता येत नाही आणि ओढीवर ताबाही राहत नाही.

एका बाजूचा इलेक्ट्रिक पंप रोज एक-दोनदा काढणाऱ्यांसाठी ठीक. दोन्ही बाजूंचा असेल तर वेळ निम्मा होतो आणि दूधही थोडं जास्त निघतं. जुळी मुलं असतील किंवा बाळ ओढत नसेल तर तोच घ्या. काचेतल्या बाळासाठी काही आठवडेच लागणार असेल, तर हॉस्पिटलात वापरतात तसा मोठा पंप भाड्याने मिळतो का ते आधी विचारा. त्यात शील्ड (छातीला लावायचं फनेल), व्हॉल्व्ह आणि नळ्यांचा संच तुमचा स्वतःचा नवा असायला हवा.

ब्राच्या आत बसणारा, वायर नसलेला पंप सध्या सगळ्यांना हवा असतो. पहिलं मूल पायाशी घुटमळतंय आणि हात मोकळे हवेत, तर तो खरंच कामाचा. पण वाकलात की सांडतो, झोपून लावता येत नाही, धुवायचे भाग जास्त आणि आत निपल नीट मधोमध बसलंय का ते दिसत नाही. आपलं माप माहीत झाल्यावर घ्यायचा हा दुसरा पंप आहे, पहिला नव्हे.

सिलिकॉनचा मऊ कप मिळतो, एका बाजूला पाजताना दुसऱ्या बाजूचं गळतं ते तो झेलतो. तो पंप नव्हे. स्वस्त आहे, उपयोगी आहे, फक्त बाळाने लाथ मारली की सगळं अंथरुणावर.

माप

निपल ज्या फनेलमध्ये जातं त्या फनेलला शील्ड किंवा फ्लँज म्हणतात. त्याच्या नळीचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो. बॉक्समध्ये बहुतेक वेळा २४ किंवा २७-२८ मिमीचा एकच येतो. आणि पुष्कळ बायकांना लागतो १७, १९ किंवा २१. "पंपाने दुखतं", "पंपाने दूधच येत नाही" या तक्रारींचं मूळ बऱ्याचदा इथेच असतं.

मोजायचं कसं? पाजल्यानंतर किंवा काढल्यानंतर नव्हे, आधी मोजा, कारण नंतर निपल सुजलेलं असतं. कंपासपेटीतली पट्टी निपलच्या मुळाशी आडवी धरा. फक्त निपल मोजायचं, भोवतीचा काळसर भाग नाही. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा, फरक निघणं अगदी सामान्य आहे. आलेल्या आकड्यात ० ते ३ मिमी मिळवा. म्हणजे निपल १६ मिमी असेल तर १७ किंवा १९ चं शील्ड. कागदावर छापलेली मोजपट्टी वापरत असाल तर ती आधी दहाच्या नाण्यावर पडताळा. नाणं २७ मिमीचं असतं. प्रिंटरने पट्टी आकसली असेल तर तिथेच कळेल.

मग पंप चालू असताना नीट बघा. निपल नळीत मोकळेपणाने पुढे-मागे सरकतंय, कडांना घासत नाही आणि काळसर भाग जवळजवळ आत येत नाही: माप बरोबर. निपल कडांना घासतंय, पांढरं पडतंय, मुळाशी वळ उठतोय: लहान आहे. काळसर भागाचा बराचसा हिस्सा आत खेचला जातोय आणि नंतर निपल लांबट, सुजलेलं दिसतंय: मोठं आहे. मोठ्या मापाची चूक जास्त होते. दूध येत नाही म्हणून बाई ओढ वाढवते आणि दुखणं वाढतं.

नवं शील्ड घेण्याआधी सिलिकॉनचं इन्सर्ट बघा. २४ च्या शील्डमध्ये बसणारी १५, १७, १९, २१ ची इन्सर्ट मिळतात आणि ती शील्डपेक्षा स्वस्त पडतात. मेडेलाची शील्ड २१, २४, २७ आणि ३० मध्ये येतात. सगळ्या कंपन्यांकडे इतकी मापं नसतात, आणि म्हणूनच पंप निवडताना पहिला प्रश्न "सक्शन किती?" हा नसून "याला माझ्या मापाचं शील्ड मिळतं का?" हा हवा.

दुकानात काय विचारायचं

कॉलेज रोड आणि गंगापूर रोडच्या बेबी शॉपमध्ये पंप हातात घेऊन बघता येतो. गोळे कॉलनीतल्या औषधांच्या घाऊक बाजारात आणि सर्जिकलवाल्यांकडे चौकशी केली तर भावात फरक पडू शकतो. मात्र पंप तोंडाला-अंगाला लागणारी वस्तू असल्याने उघडलेला बॉक्स सहसा कुणी परत घेत नाही, ऑनलाइनवालेही नाहीत. म्हणून आधी विचारा.

सुटा व्हॉल्व्ह, सुटं डायफ्रॅम (दूध मोटारीकडे जाऊ न देणारा पडदा) आणि सुटी नळी मिळते का, आणि कितीला? "मागवून देतो" हे उत्तर नको. दोन रुपयांच्या वायसरसारखा तो व्हॉल्व्ह फाटला की हजारोंचा पंप बंद पडतो.

क्लोज्ड सिस्टीम आहे का? म्हणजे दूध आणि मोटार यांच्यामध्ये पडदा आहे का? नसेल तर दूध किंवा वाफ नळीतून मोटारीत जाते, आत बुरशी धरते आणि ती साफ करता येत नाही.

ओढीचा जोर आणि वेग वेगवेगळा कमी-जास्त करता येतो का? दोन मोड बहुतेकांत असतात: मसाज मोड जलद आणि हलका, एक्स्प्रेशन मोड संथ आणि खोल. पण काही स्वस्त पंपांत जोर वाढवला की वेगही आपोआप बदलतो, ते त्रासाचं.

चार्जिंग कशाने? यूएसबीवाला असेल तर किती अँपिअरचा अडॅप्टर लागतो ते बॉक्सवर बघा. जुन्या मोबाइलच्या अर्ध्या-एक अँपिअरच्या चार्जरवर मोटार धापा टाकते आणि लोकांना वाटतं पंप बिघडला. महावितरणने देखभालीसाठी लाइट घेतली तर बॅटरीवर किमान दोन वेळा काढता यायला हवं. पक्कं बिल घ्या, मोटारीची वॉरंटी त्यावर लिहून घ्या.

बॉक्सवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला एमएमएचजीचा, म्हणजे ओढीच्या जोराचा, आकडा बघून भुलू नका. घरगुती वापराला २५० च्या आसपास पुष्कळ झाला. जास्त ओढीने जास्त दूध येत नाही. दूध ओढीने येतच नाही मुळी, पान्हा फुटला तर येतं.

पहिल्यांदा वापरताना

सगळे भाग धुऊन, उकळून, पूर्ण वाळवा. जोडल्यावर शील्डचं तोंड तळहाताने बंद करून पंप चालू करा. हात ओढला गेला पाहिजे. नाही ओढला तर व्हॉल्व्ह नीट बसलेला नाही.

पाठीला तक्क्या घेऊन बसा आणि पुढे थोडंसं झुका, म्हणजे दूध नळीत मागे जाणार नाही. डिसेंबर-जानेवारीच्या नाशिकच्या गारठ्यात दूध उतरायला वेळ लागतो. कोमट फडक्याने दोन मिनिटं शेका, शाल घ्या. शील्डच्या कडेला पाण्याचं बोट लावलं की हवा शिरत नाही. निपल नळीच्या बरोबर मध्ये. आधी मसाज मोडवर दोन मिनिटं. दूध थेंबाथेंबाऐवजी पिचकारीसारखं यायला लागलं की पान्हा फुटला, तेव्हा एक्स्प्रेशन मोडवर जा. जोर एकेक पायरी वाढवा. टोचतंय वाटलं की एक पायरी मागे, तोच तुमचा जोर. धार मंदावली की पुन्हा दोन मिनिटं मसाज मोड लावा, बऱ्याचदा दुसऱ्यांदा पान्हा येतो. दोन्ही बाजू एकदम असतील तर १५ ते २० मिनिटं. अर्ध्या तासाच्या वर बसण्यात अर्थ नाही.

अंगावर पाजणाऱ्या आईने मधल्या वेळेत काढलं तर दोन्ही बाजू मिळून १५ ते ६० मिली येणं नेहमीचं आहे. पहिल्या चार-पाच वेळा तर तळ झाकेल एवढंच येतं. सकाळचं पहिलं पाजून झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने काढा, त्या वेळी सहसा जास्त मिळतं. लग्नाला जाण्यासाठी १०० मिली साठवायचं असेल तर आदल्या दिवशी एकदम नको, तीन दिवस आधीपासून थोडं थोडं काढून फ्रीझरमध्ये ठेवा.

छातीत गाठ आली, कातडी लाल झाली, थंडी वाजून ताप आला तर पाजणं थांबवू नका आणि गाठ जोरजोरात चोळूही नका. चोळल्याने सूज वाढते. गार फडकं ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

धुणं, आणि बोअरचं पाणी

दूध लागलेले सगळे भाग लगेच साध्या पाण्याखाली धरा, मग वेगळ्या घमेल्यात, वेगळ्या ब्रशने, साबणाच्या गरम पाण्याने धुवा. बेसिनमध्ये थेट टाकू नका, तिथे भाजीपासून मटणापर्यंत सगळं धुतलेलं असतं. व्हॉल्व्हमध्ये ब्रश घालू नका, चिरतो. बोटांत धरून चोळा. बाळ दोन महिन्यांच्या आतलं किंवा वेळेआधीचं असेल तर दिवसातून एकदा ५ मिनिटं खळखळ उकळा. पातेल्याच्या तळाशी फडकं घाला, नाहीतर प्लास्टिक तळाला टेकून वाकडं होतं. आणि गॅसवर ठेवून बाळाकडे जाऊ नका. पाणी आटून जळालेले संच सर्रास बघायला मिळतात. वाळवायचं ते स्वच्छ फडक्यावर पालथं घालून, ओट्यावरच्या पुसण्याने नव्हे.

गंगापूर धरणाचं नळाचं पाणी त्यामानाने मऊ. पण बोअर किंवा टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांत काही दिवसांत व्हॉल्व्हवर पांढरा थर दिसतो, आणि थर बसला की व्हॉल्व्हची चीर पूर्ण मिटत नाही, ओढ जाते. उकळायला प्यायचं फिल्टरचं पाणी घ्या. थर आलाच तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून भिजवा आणि दोनदा धुवा. क्लोज्ड सिस्टीमची नळी धुवायची नसते. आत बाष्प दिसलं तर दूध काढून झाल्यावर नुसता पंप पाच मिनिटं चालू ठेवा. नळीत काळे ठिपके दिसले तर फेकून द्या.

साठवण

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेची मर्यादा अशी: २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास, फ्रीजमध्ये ४ दिवस, फ्रीझरमध्ये साधारण ६ महिने. एप्रिल-मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा खोलीतल्या चार तासांवर विसंबू नका. काढलं की थेट फ्रीजमध्ये. घरातला फ्रीज दिवसातून पन्नासदा उघडतो, त्यामुळे आम्ही २४ तासांच्या आत वापरा असंच सांगू. भांडं मागच्या भिंतीला, दारात नव्हे. एका दाराच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलेलं दोन आठवड्यांत संपवा. लाइट गेली तर दार बंद ठेवा, चार तासांपर्यंत गारवा टिकतो.

६०-६० मिलीचे भाग करा, तारीख लिहा. पिशव्यांवर खर्च करायलाच हवा असं नाही, उकळलेली झाकणाची स्टीलची डबी चालते. ताजं कोमट दूध जुन्या गार दुधात ओतू नका, आधी गार करून मग मिसळा. वर साय आली, खाली निळसर पाणी दिसलं तर दूध नासलेलं नाही. भांडं हलकेच गोल फिरवा, मिसळतं. कोमट करायचं ते गरम पाण्याच्या वाटीत ठेवून. गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये नाही. बाळाने तोंड लावून उरलेलं दोन तासांच्या आत संपवा, मग टाकून द्या. आणि पाजायला बाटलीच हवी असं नाही. वाटी-चमचा आहे, घरात आजीच्या वेळचं बोंडलं असेल तर तेही उकळून चालतं.

प्रवासात बर्फाच्या पॅकसह इन्सुलेटेड पिशवीत दूध २४ तास टिकतं. एसटीने निघाला असाल तर मोठ्या बसस्थानकांवर हिरकणी कक्ष असतो, हातपंपाला तेवढा आडोसा पुरतो.

ओढ कमी झाली तर

आधी व्हॉल्व्ह बघा. चीर उघडी राहतेय, कडा पातळ झालीय, उजेडात धरल्यावर फट दिसते: बदला. रोज तीन-चारदा वापरत असाल तर व्हॉल्व्ह दीड-दोन महिन्यांत दमतो, कधीमधी वापरत असाल तर बरेच महिने जातो. मग डायफ्रॅम कोरडं आणि नीट बसलंय का, नळी दोन्ही टोकांना घट्ट आहे का, चार्जिंग किती आहे, या क्रमाने. मोटारीवर संशय सगळ्यात शेवटी घ्या. एक जादा व्हॉल्व्ह पंपाबरोबरच घेऊन ठेवा.

काम संपल्यावर पंप नणंदेला किंवा जावेला द्यायचा असेल, तर ओपन सिस्टीमचा देऊ नका, कितीही चकचकीत दिसला तरी. क्लोज्ड सिस्टीमची मोटार, कंपनीने एकाहून जास्त जणींना चालेल असं लिहिलं असेल तर देता येते. तरी शील्ड, व्हॉल्व्ह, डायफ्रॅम आणि नळी नवी घ्यायला लावा, आणि मापाचं शील्ड तिचं तिला मोजून घेऊ द्या.